बंद पडलं की बंद केलं?

लॉनच्या साधारण मध्यावर, एक पट्टा अर्धा कापून झालेला आणि अर्धा तसाच उभा, अशा जागी गवत कापायचं इलेक्ट्रिक मशीन थांबलं. हळूहळू आवाज उतरत गेला वगैरे काही नाही, एकदम शांत. लिव्हर सोडला, परत दाबला, काही नाही. प्लग काढून परत लावला, काही नाही. दुसऱ्या सॉकेटला लावून बघितलं तर तिथंही तेच. मग अशा वेळी बहुतेक जण जे करतात तेच मी केलं, स्क्रू ड्रायव्हर आणला आणि गवतातच बसून वरचं झाकण खोलायला घेतलं. झाकण उचललं तर आत मोटर, एक पांढरा डबीसारखा कंडेन्सर, चार-पाच वायरी आणि सगळीकडं वाळलेल्या गवताचा भुसा. बघून काहीच कळेना. कुठली वायर तुटलेली नाही, काही जळल्यासारखं दिसत नाही.

मामाला फोन लावला. मामानं आयुष्यभर मोटारी रिवाइंड केल्या, पंपाच्या, पंख्याच्या, ग्राइंडरच्या, त्यामुळं मोटर म्हटलं की आमच्याकडं शेवटचा शब्द त्याचाच. मी आपला सगळा इतिहास सांगत होतो, कधी घेतलं, किती वर्षं झाली, काय काय करून बघितलं, तर त्यानं मधेच थांबवलं आणि विचारलं, "ते बंद पडलं की त्यानं बंद केलं?"

मला प्रश्नच कळला नाही.

"अरे, काहीतरी तुटल्यामुळं थांबलंय का, की तुटू नये म्हणून थांबलंय? आधी प्लग काढलायस का ते सांग. काढलास? मग तो प्लग उचलून तुझ्या शेजारी आणून ठेव, तिकडं भिंतीपाशी नको. आणि आता मोटारीच्या अंगाला हात लावून बघ."

हात लावला आणि लगेच काढून घेतला, इतकी गरम होती. मामा म्हणाला झाकण लाव, अर्धा तास कशालाही हात लावू नकोस आणि मग चालू करून बघ. पंचवीस मिनिटांनी लिव्हर दाबला, मशीन पहिल्या दिवसासारखं सुरू झालं.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, मधल्या काळात ते वायरवालं मशीन आहेच आणि एक बॅटरीवालंही आलं, पण मामाचा तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. गवत कापायच्या इलेक्ट्रिक मशीनबद्दल मला जे काही समजलंय ते सगळं या एका प्रश्नाच्या मागं मागं जाऊनच समजलंय. म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या दिवशी झालं होतं असं, की पावसानंतर गवत वाढलेलं, ओलं, पातं दोन सीझन धार न लावलेलं, आणि मी मात्र नेहमीच्याच वेगानं ढकलत होतो. बोथट पातं गवत कापत नाही, झोडपतं. त्यात जोर जास्त लागतो, मोटर जास्त करंट ओढते, वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची वेटोळी, तापतं. वाइंडिंगला खेटून एक छोटा थर्मल कटआउट बसवलेला असतो, त्याच्यात दोन वेगवेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी असते, तापली की ती वाकते आणि सर्किट तोडते, गार झाली की परत सरळ होऊन जोडते. म्हणजे मशीननं बंद केलं होतं, आणि मी ते बंद पडलं समजून त्याचं पोट उघडून बसलो होतो. काही मोटारींमधे या पट्टीऐवजी एकदाच उडणारा थर्मल फ्यूज असतो, तो वाइंडिंगच्या आत बांधलेला असतो आणि एकदा गेला की गार होऊन परत येत नाही. काही जण तो बायपास करून मशीन चालू करतात. मामाच्या मते हे सगळ्यात वाईट काम. त्याच्या हातात आलेल्या कितीतरी जळक्या मोटारींमधे आधी कुणीतरी हेच करून ठेवलेलं असायचं.

नंतर मी मोजायला लागलो की या मशीनला "नाही" म्हणायच्या जागा किती आहेत. वायरवाल्यात लिव्हरच्या आधी एक बटण दाबून धरावं लागतं, नुसता लिव्हर ओढून चालत नाही. बॅटरीवाल्यात एक सेफ्टी की, म्हणजे काढता येणारी चावी असते, ती पूर्ण बसली नसेल तरी नाही. दांडा दुमडता येतो अशा काही मशीनमधे दांड्याच्या सांध्यात एक छोटा स्विच असतो, दांडा पूर्ण उघडून खटका बसला नाही तर नाही. काहींमधे मागचा गवताचा खोका किंवा त्याची फडफडती झडप नीट नसेल तरी नाही. बॅटरी फार गार असेल तर नाही, फार तापली असेल तर नाही, एकदम जास्त करंट ओढला तर नाही. आणि हे सगळे नकार बाहेरून अगदी एकसारखे दिसतात, मशीन गप्प बसतं, बस. म्हणून तर मेकॅनिककडं पोचणाऱ्या मशीनपैकी काहींचं दुखणं एवढंच निघतं की सेफ्टी की नीट बसलेली नाही, किंवा स्विचच्या फटीत गवत अडकलंय.

इतके अडथळे का ठेवलेत याचा राग यायचा मला आधी. मग एकदा बसून साधं गणित केलं. पातं टोकापासून टोकापर्यंत ४० सेंटीमीटर आणि फेरे मिनिटाला २,८०० धरले, तर पात्याचं टोक सेकंदाला ५८ मीटरपेक्षा जास्त वेगानं फिरतं, म्हणजे ताशी २१० किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वेगाचं लोखंड आपल्या पायाच्या बोटांपासून हातभर अंतरावर असतं. अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे की ढकलायच्या मशीनचा लिव्हर सोडल्यावर पातं ३ सेकंदांच्या आत थांबलंच पाहिजे. इलेक्ट्रिक मशीनमधे हे काम बऱ्याचदा मोटरच करते, लिव्हर सोडला की मोटारीची टोकं आपसात जोडली जातात, फिरणारी मोटर क्षणभर जनरेटर होते आणि स्वतःलाच ब्रेक लावते. हे कळल्यापासून त्या बटणाचा, कीचा, झडपेचा राग गेला. उलट एखाद्यानं लिव्हर दांड्याला दोरीनं बांधून ठेवलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो, आणि मी सरळ जाऊन बोलतो, ओळख असो वा नसो.

आता खरोखर बंद पडण्याकडं येतो.

माझ्या वायरवाल्या मशीननं एका सीझनच्या सुरुवातीला वेगळंच सुरू केलं. लिव्हर दाबला की नुसतं गुंऽऽ करायचं, पातं हलायचं नाही. मामाला फोनवरच आवाज ऐकवला, तो ओरडला, "सोड सोड, लिव्हर सोड आधी!" कारण असं की मोटर अडकलेली असताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, फिरत नसल्यामुळं पंख्याची हवाही नाही, आणि वाइंडिंग जळायला फार वेळ लागत नाही. गुं गुं आवाज आला की दोन सेकंदांत सोडायचं. मग प्लग काढून, मशीन आडवं करून, जाड हातमोजा घालून पातं हातानं फिरवून बघायचं. जड फिरतंय का? खाली गवताचा वाळून सिमेंट झालेला थर अडतोय का, बेअरिंग धरलंय का? आमचं पातं मोकळं फिरत होतं. म्हणजे संशय कंडेन्सरवर.

हे मला नीट समजून घ्यायचं होतं, म्हणून मामाला भरपूर छळलं. सिंगल फेजच्या इंडक्शन मोटारीला नुसत्या एका वाइंडिंगवर फिरायचं कसं हे माहीत असतं, पण सुरू कुठल्या बाजूला व्हायचं हेच ठरत नाही, चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी मागं-पुढं होत राहतं. कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगला जाणारा करंट थोडा पुढं ढकलतो आणि त्या फरकामुळं क्षेत्र फिरायला लागतं. कंडेन्सर म्हातारा झाला की त्याची क्षमता उतरते, वर २० मायक्रोफॅरड छापलेलं असतं आणि मीटर १२ दाखवतो, मग तो धक्का कमी पडतो आणि मोटर गुणगुणत बसते. काही लोक काठीनं पात्याला धक्का देऊन अशी मोटर सुरू करतात, होतेही सुरू. पण कृपा करून हे करू नका, ते पातं काठीची वाट बघत थांबत नाही. आणि कंडेन्सर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसू शकतो, त्यामुळं हात लावण्याआधी रेझिस्टरनं डिस्चार्ज करायचा, स्क्रू ड्रायव्हरनं टोकं जोडून ठिणगी पाडायची नाही. नवा कंडेन्सर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा बसवला, पंधरा मिनिटांचं काम, मशीन चालू.

चालू झालं खरं, पण तिसऱ्या आठवड्यात परत गुं. कंडेन्सर मोजला, छान होता. घराजवळच्या सॉकेटला लावून बघितलं तर झटक्यात सुरू. लॉनच्या टोकाला नेलं की गुं. म्हणजे दोष मशीनच्या बाहेरच होता, एक्स्टेन्शन वायरमधे. मी ३० मीटरची बारीक, ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर वापरत होतो. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, त्याचा रोध दीड ओहमच्या आसपास. मशीन १,५०० वॅटचं, २३० व्होल्टची लाइन धरली तर चालताना साडेसहा अँपिअर, म्हणजे दहाएक व्होल्ट वायरीतच जातात, ते चालून जातं. पण सुरू होताना मोटर चार-पाच पट करंट ओढते आणि तेव्हा वायर चाळीसेक व्होल्ट खाते. आणि इंडक्शन मोटारीचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे १९० व्होल्टवर तो दोन तृतीयांशच उरतो. बिचारी मोटर सुरू कशी होणार? जाड, दीड स्क्वेअरची वायर घेतली, प्रश्न मिटला. पहिला कंडेन्सर खराब होताच, ते मी मोजलेलं होतं, पण बारीक वायरीमुळं दरवेळी सुरू व्हायला वेळ लागत असणार आणि त्यात मोटर आणि कंडेन्सरही जास्त तापत असणार असं मला आता वाटतं. वायर पूर्ण उलगडून वापरायची हेही तेव्हाच शिकलो, रिळावर गुंडाळलेली वायर भर लोडवर चालवली की आतले वेढे तापून इन्शुलेशन मऊ पडतं. आणि ओल्या गवतात वायर ओढत फिरायचं असतं म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीडी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, लाइनवर असलीच पाहिजे, ती ट्रिप होत असेल तर चिडून काढून टाकायची नाही, ती काय म्हणतेय ते शोधायचं.

मामाचं अजून एक निरीक्षण आहे आणि ते मला प्रत्येक वेळी खरं ठरलेलं दिसलंय. वायर मधोमध फार कमी तुटते, टोकाशी तुटते. जिथं ती प्लगमधे शिरते, जिथं दांड्याच्या हुकाला वेढा घेते, जिथं दांडा दुमडताना वाकते, तिथं वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी वाकून आतली तार तुटते आणि वरचं रबर मात्र धडधाकट दिसतं. मग मशीन डावीकडं वळताना चालतं आणि उजवीकडं वळताना थांबतं. लोक म्हणतात मशीनला काहीतरी लहर येते. लहर-बिहर काही नसते हो, एक तार तुटलीय आणि वळताना तिची टोकं एकमेकांना शिवतात किंवा सुटतात.

ब्रशवाल्या मोटारीचं लक्षण आणखी वेगळं. शेजारच्यांकडं तसं हलकं मशीन होतं, ते कधी चालू व्हायचं कधी नाही, आणि अंगावर थाप मारली की चालू व्हायचं. थाप मारल्यावर चालू होतंय म्हणजे कार्बन ब्रश झिजून आखूड झालाय किंवा खाच्यात अडकलाय, स्प्रिंग त्याला कॉम्युटेटरवर, म्हणजे मोटारीबरोबर फिरणाऱ्या तांब्याच्या कड्यावर, दाबू शकत नाही, थापेनं तो क्षणभर पुढं सरकतो. ब्रश नेहमी जोडीनं बदलायचे आणि कॉम्युटेटर काळा झाला असेल तर तोही साफ करायचा. नवीन ब्रश बसेपर्यंत थोडं स्पार्किंग दिसतं, पण सगळ्या गोलाईभर आगीची कडी दिसत असेल तर मामला आर्मेचरचा, म्हणजे मोटारीच्या फिरणाऱ्या भागाचा आहे, मग ब्रशवर खर्च करण्यात अर्थ नाही.

आता ते बॅटरीवालं. याच्यात ब्रश नाहीत, कंडेन्सरची ती पांढरी डबी नाही, वायर ओढायची नाही, मोटर ब्रशलेस, तिच्यात झिजण्यासारखं जवळजवळ फक्त बेअरिंग. मला वाटलं आता काही बिघडणारच नाही. पहिल्या वर्षी तसं झालंही. फक्त एक गैरसमज झाला, एका दिवशी नेहमीपेक्षा निम्म्या वेळात बॅटरी संपली आणि मी ती खराब झाली म्हणून परत करायला निघालो होतो. मग हिशेब केला. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर, म्हणजे १८० वॅट-अवर. कोरडं, छोटं गवत असेल आणि मोटर ६०० वॅट ओढत असेल तर १८ मिनिटं. उंच ओलं गवत असेल, मोटर १,००० वॅट ओढत असेल तर ११ मिनिटंसुद्धा नाहीत. बॅटरी तीच, चार्ज तोच. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच कापायचा हा जो जुना नियम सांगतात तो गवतासाठी सांगतात, पण बॅटरीसाठीही तितकाच खरा आहे. आणि डब्यावर ४० व्होल्ट लिहिलेलं असतं ते पूर्ण चार्ज झाल्यावरच्या काही मिनिटांचं, आत दहा सेल ओळीनं जोडलेले असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्ट, म्हणजे कामाचं व्होल्टेज ३६च.

हे दहा सेल म्हणजे दहा जणांची साखळी. नऊ जण ठणठणीत आणि एक थकलेला असेल तर त्या थकलेल्याचं व्होल्टेज आधी तळाला जातं आणि बीएमएस नावाचं आतलं सर्किट सगळ्या पॅकलाच थांबवतं, बाकी नऊ सेलमधे चार्ज शिल्लक असूनही. म्हणून जुनी बॅटरी चार्जरवरून काढल्यावर पूर्ण दाखवते आणि गवतात गेल्यावर तीन मिनिटांत पडते. नुसतं मल्टिमीटर लावून बघितलं तर व्होल्टेज छान दिसतं, लोड नसताना सगळेच छान दिसतात. सीझन संपल्यावर बॅटरी निम्म्या चार्जवर, गार कोरड्या जागी ठेवायची, पूर्ण रिकामी करून नाही. रिकामी ठेवली तर महिन्यांमागून महिने स्वतःच झिरपत झिरपत सेल इतका खाली जातो की चार्जर त्याला बॅटरी म्हणूनच ओळखत नाही. आणि शून्य अंशाच्या खाली थंडी असेल तर चार्जिंग करायचंच नाही, लिथियम आत शिरायच्या ऐवजी वरच धातू होऊन बसतो आणि ते नुकसान परत भरून येत नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र या मशीननं मला खरोखर रडवलं. सात-आठ मिनिटं चालायचं आणि थांबायचं. बॅटरीवर तीन दिवे, म्हणजे चार्ज आहे. मिनिटभर थांबून लिव्हर दाबला की परत चालू. मग चार मिनिटांनी परत थांबायचं. मामाचा प्रश्न स्वतःलाच विचारला, बंद पडलं की बंद केलं, आणि पहिल्यांदा मला उत्तर देता येईना. जिथं सर्व्हिसला दिलं तिथं त्यांच्याकडं ते अर्धा तास विनालोड चाललं आणि "काही प्रॉब्लेम नाही" म्हणून परत आलं. त्यांना दोष देत नाही, पण मशीन टेबलावर चालवून बघणं म्हणजे लोड नसताना मीटर लावण्यासारखंच आहे, तिथं सगळं छानच दिसणार.

मग मी वही केली. तारीख, गवत ओलं की कोरडं, किती मिनिटांनी थांबलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किती वेळानं परत चालू झालं. या शेवटच्या रकान्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या मॅन्युअलनं शिकवलं नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी परत येत असेल तर बहुतेक उष्णता, मग ती मोटारीची असो वा बॅटरीची. चार्ज केल्याशिवाय येतच नसेल तर सेल. लिव्हर सोडून लगेच दाबल्यावर येत असेल आणि तेही फक्त दाट गवतात होत असेल तर ओव्हरलोड, कंट्रोलरनं, म्हणजे मोटर चालवणाऱ्या आतल्या बोर्डानं, करंट बघून तोडलं. अजिबातच येत नसेल तर फ्यूज, स्विच, तुटलेली वायर. आणि माझं जे होतं, मिनिटभरानं येतंय, गवत विरळ असतानाही होतंय, दरवेळी वेळ वेगळी, ते यातल्या कशातच धड बसत नव्हतं. असं कशातच बसत नाही तेव्हा लूज कॉन्टॅक्ट शोधायचा, हे मात्र मामानं सांगितलं.

पुढच्या वेळी थांबल्याबरोबर सेफ्टी की काढली, बॅटरी बाहेर काढली आणि तिच्या सगळ्या बाजूंना हात लावून बघितला. अंगानं कोमट, पण तोंडापाशी, जिथं ती मशीनमधे बसते, तिथं चटका बसेल एवढी गरम. टॉर्च मारून खोबणीत बघितलं तर दोनपैकी एक पितळी पट्टी तपकिरी पडलेली आणि तिच्या शेजारचं प्लास्टिक किंचित वितळून सुरकुतलेलं. सापडलं! ३० अँपिअर जात असताना त्या जोडात ०.०५ ओहम एवढा नगण्य वाटणारा रोध आला तरी तिथं ४५ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे बॅटरीच्या तोंडात एक चालू सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखं. तापल्यामुळं पट्टीचा स्प्रिंगपणा जातो, पकड ढिली पडते, ढिली पडली की आणखी तापते, आणि मग एका हादऱ्यात क्षणभर सुटते. कंट्रोलरला वाटतं सप्लाय गेला, तो बंद करतो. म्हणजे बंद पडलंही होतं आणि बंद केलंही होतं, दोन्ही एकमेकांत गुंतलेलं.

नशिबानं तो टर्मिनलचा भाग वेगळा मिळाला. बदलला, बॅटरीच्या पट्ट्या कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसल्या, पॉलिश पेपर मुद्दाम वापरला नाही कारण वरचा मुलामा खरवडला गेला की पट्टी पुढं लवकर काळी पडते. मशीन मस्त चाललं. मी आनंदानं मामाला फोन केला.

तो म्हणाला, "बरं केलंस. पण ढिली का झाली?"

मी म्हटलं होतात ढिल्या कधीतरी. तर म्हणाला, एकच पट्टी, दुसऱ्याच वर्षी? मशीन थरथरतं का? आणि मग मला तळहातांना येणाऱ्या त्या मुंग्या आठवल्या, कापून झाल्यावर पाच-दहा मिनिटं राहायच्या त्या. "पातं तोललं होतंस का धार लावल्यावर?"

नव्हतं तोललं. सीझनच्या सुरुवातीला एका बाजूला दगड लागून खाच पडली होती, ती घालवायला मी ती बाजू कानशीनं भरपूर घासली आणि दुसऱ्या बाजूवर नुसता हात फिरवला. पातं काढून मधल्या भोकातून भिंतीच्या खिळ्यावर अडकवलं, तर एक टोक सरळ खाली गेलं. किती फरक असेल, दहाएक ग्रॅम. पण मध्यापासून १५ सेंटीमीटरवर १० ग्रॅम जास्त असतील आणि पातं मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल तर तो फरक १३ किलोच्या वजनाएवढ्या जोरानं शाफ्टला बाहेर ओढतो, आणि तेही सेकंदाला ४६ वेळा दिशा फिरवत. बेअरिंग, नट, सोल्डर, वायरीच्या टोकाचे लग, पितळी पट्टी, सगळ्यांना हे सोसावं लागतं. मी वसंतात घासलेल्या कानशीचा हिशेब पावसाळी गवतात बॅटरीच्या तोंडाशी चुकता झाला होता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, मशीन काहीच चुकीचं करत नव्हतं आणि मी महिनाभर बॅटरी बनवणाऱ्यांना मनातल्या मनात नावं ठेवत होतो.

जड बाजू मागच्या, धार नसलेल्या कडेनं घासून हलकी केली, पातं खिळ्यावर आडवं राहीपर्यंत. आणि बसवताना उलटसुलट नीट बघून बसवलं. पात्याच्या टोकाला जे वर वळलेले पंख असतात ते मशीनच्या पोटाकडं आले पाहिजेत, त्यांच्यामुळं हवा वर ओढली जाते, गवत उभं राहतं आणि कापलेलं खोक्यात जातं. ते उलटं बसलं तर मशीन चालतं, आवाजही नेहमीसारखाच येतो, पण गवताची टोकं फाटून दोन दिवसांत तपकिरी होतात, खोका रिकामा राहतो आणि मोटर तापते. बोथट पातं आणि उलटं पातं यांची लक्षणं इतकी सारखी आहेत की धार लावल्यावरही गवत फाटत असेल तर पहिला संशय यावरच घ्यावा.

हे सगळं होईपर्यंत विश्वासार्हता या शब्दाचा अर्थ माझ्यासाठी बदलला. १८३० साली इंग्लंडमधे एडविन बडिंग नावाच्या माणसानं गवत कापायच्या मशीनचं पेटंट घेतलं, लोकरी कापडावरची लव कातरायचं गिरणीतलं यंत्र बघून त्याला ते सुचलं होतं. त्या मशीनला ढकलणारा माणूस थांबला की मशीन थांबायचं, नकार द्यायची दुसरी सोयच नव्हती. आजच्या मशीनमधे समजा एकामागं एक असे २० भाग आहेत, सेफ्टी की, स्विच, लग, सेल, कंट्रोलर, आणि प्रत्येक भाग सीझनभर टिकायची खात्री ९९ टक्के आहे, ऐकायला उत्तम वाटतं. पण २० जणांनी एकाच वेळी टिकायची खात्री काढली तर ती ८२ टक्क्यांच्याही किंचित खालीच येते. एकही भाग वाईट नसताना. म्हणून मला "कुठल्या कंपनीचं मशीन बिघडत नाही" या प्रश्नात फारसा रस उरलेला नाही. माझा प्रश्न असतो की यातले किती भाग वेगळे मिळतात आणि किती मला स्वतःला बदलता येतात. माझं वायरवालं मशीन कंडेन्सर बदलून उभं राहिलं. बॅटरीवाल्याचा कंट्रोलर मात्र पूर्ण राळेत बुडवलेला आहे, पाण्यापासून वाचावा म्हणून, आणि ते योग्यच आहे, पण आतला एक मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा भाग, गेला तरी अख्खा बोर्ड फेकायचा. पॅकमधला एक सेल गेला तर दहाही फेकायचे. घरच्या घरी तो पॅक उघडा असं मी कुणालाही सांगणार नाही, लिथियमची आग साधी नसते, पण निदान कंपन्यांनी टर्मिनल, स्विच, सेफ्टी की यांसारखे सहज बदलता येणारे भाग दहा-बारा वर्षं तरी विकत राहावेत, एवढी अपेक्षा मला अजिबात अवास्तव वाटत नाही.

धुण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. पोटाखालचा गवताचा थर ओला असतानाच लाकडी पट्टीनं खरवडला तर दोन मिनिटांत निघतो, वाळल्यावर अर्धा तास. पाण्याचा पाइप मारू नका, प्रेशरचा तर नाहीच, बेअरिंगच्या रबरी सीलमधून पाणी आत जातं आणि बाहेर यायला त्याला वाट नसते.

परवा सीझनचं शेवटचं गवत वायरवाल्या मशीननंच कापलं, बॅटरी निम्म्यावर आणून ठेवून दिली होती म्हणून. प्लग काढून शेजारी ठेवला, मशीन आडवं केलं, पातं काढलं आणि नुसता शाफ्ट बोटांनी फिरवला. पूर्वी तो गप्प फिरायचा. आता एका ठराविक जागी अगदी बारीक, वाळूचा एक कण दाताखाली यावा तसं काहीतरी बोटांना लागतं. फोन शाफ्टजवळ धरून मामाला ऐकवला, त्याला काही ऐकू आलं नाही, तो म्हणाला बोटांना लागतंय ना, मग आहे. खालचं बेअरिंग आहे ते. वहीत तारीख टाकलीय, बेअरिंगवरचा नंबर वाचायला पुढच्या रविवारी मोटर उतरवणार आहे.